पुलावरची बाई

भर दुपारी, माळीवाड्याहून भिंगारला निघालेल्या शेअर रिक्षात, शेजारी बसलेल्या माणसाच्या मोबाईलमधून शमुवेल उजागरेची बायको ओरडली. ‘अगंबाई, मेले की रे मी!’ दया जाऊन दीड वर्ष झालं होतं. मांडीवरची पपईची पिशवी घसरून शमुवेलच्या पायांत गेली. त्याने रिक्षाची दांडी धरली. उन्हाने तापलेली ती दांडी हाताला चटका देत राहिली, तरी ती सोडायचं त्याला सुचलं नाही. आवाज ओळखणं म्हणजे नेमकं काय ओळखणं, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. चेहरा आठवायचा तर नाक, कपाळ, हनुवटी अशी कुठून तरी सुरुवात करता येते. आवाजाला तशी सुरुवात नसते. पाय घसरून पाण्यात पडावं तसा तो एकदम, सगळाच्या सगळा अंगावर येतो. ‘मेले’मधला ‘ले’ किंचित वर चढवून तिथेच सोडून द्यायचा, ही तिच्या माहेरची, कोपरगावकडची ढब. आवाजाला जरा खरखर, सर्दी नुकती बरी झाल्यासारखी. ती दयाच होती. आणि तरीही त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ही दया असूच शकत नाही. कारण दया ओरडत नसे.

शेजारचा माणूस जवान असावा. केस बारीक कापलेले, पायांत लष्करी बूट, अंगात साधा शर्ट. म्हाताऱ्याचं अंग एकदम ताठ झालेलं त्याला कळलं.

‘तरास हुतोय का, काका? बारीक करतो.’

‘नाही. नाही, राहू द्या. काय आहे ते?’

‘गेम हाय. गगनवीर.’ त्याने मोबाईल शमुवेलच्या बाजूला तिरपा धरला. निळ्या कपड्यांतला, छातीवर सोनेरी गरुड असलेला एक माणूस उंच इमारतीच्या कठड्यावर उभा होता. जवानाने अंगठा दाबला तसा तो खाली झेपावला. तो जिथे उतरला तिथली फरशी फुटली आणि रस्त्यावरची माणसं हात वर करून पळाली. ‘फुकट हाय. पुन्यातल्या पोरांनी केलीय म्हनं, म्हनून मानसं मराठीत वरडत्यात. मोकळं शहर हाय सगळं. मिशन करायचं तर करा, न्हाईतर नुसतं हिंडा. कुनी इचारत न्हाई.’

‘मघाशी ती बाई ओरडली. तिला पुन्हा ओरडवता येईल?’

जवान हसला. रिकामपणी म्हाताऱ्याचं एवढं मन राखायला त्याची हरकत दिसली नाही. गगनवीर फुटपाथवरून धावला. एक माणूस ‘ए, आंधळा आहेस का?’ म्हणाला, कुणीतरी नुसतंच किंचाळलं. मग हिरव्या साडीतल्या एका बाईला धक्का लागला आणि ती कंबरेवर हात ठेवून वळली. ‘मुडद्या, डोळे फुटले का?’ शमुवेलने डोळे मिटले. संसाराच्या इतक्या वर्षांत दयाच्या तोंडून त्याने शिवी ऐकली नव्हती. डोळे उघडले तेव्हा त्याचा, बाजारपेठेचा थांबा मागे गेला होता. तो शेवटच्या थांब्यावर जवानाबरोबरच उतरला आणि आपला मोबाईल त्याच्यापुढे धरून म्हणाला, ‘यात घालून द्याल का?’

त्याची मुलगी एंजेला पुण्यात एका लहानशा कंपनीत ‘गेमचे आवाज करते’, एवढं त्याला ठाऊक होतं. आवाज करणं हे काम कसं असतं, हे त्याने मुलीला कधी विचारलं नाही. त्याचा जन्म आवाजापासून पळण्यात गेला होता. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात तो स्टोअरकीपर होता. नट, पट्टे, गास्केटं मोजून द्यायची, सही घ्यायची. स्टोअरच्या पत्र्याला लागूनच इंजिनांची चाचणी होई. दिवसभर पत्रा थरथरे, टेबलावरची टाचणी आपोआप सरकत कडेला येई. संध्याकाळी घरी आला की कानांत तीच घरघर असे, आणि घरात भांडं जरी वाजलं तरी ते दातांत वाजल्यासारखं वाटे. ‘दया, जरा हळू.’ तो रागावून म्हणत नसे. शमुवेल रागावणारा माणूस नव्हता. मंडळीत त्याला सगळे सज्जन म्हणत, रविवारी चर्चच्या दारात सलाम करताना लोक त्याचा हात अंमळ जास्तच वेळ धरून ठेवत. पण ‘जरा हळू’ हे तो रोज म्हणे आणि दया हळू होई. भांडी हळू झाली, पावलं हळू झाली, बोलणं हळू झालं. तिच्या माहेरी गेलं की त्याला नवल वाटे. तिचे वडील साखर कारखान्यात होते, घरात भावंडांचं खटलं. तिथे ती अंगणात उभी राहून गोदावरीच्या काठावर पोहायला गेलेल्या भावांना हाक मारी, आणि ती हाक उसावरून पार नदीपर्यंत जाई. माहेरची हवाच तशी, असं तो समजला होता. परतीच्या एसटीत बसली की ती पुन्हा नेहमीची होई.

घरी येऊन त्याने पपई ओट्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून खेळ सुरू केला. अंगठ्यांना सवय नव्हती. गगनवीर पहिल्यांदा भिंतीवर आपटला, मग वाहनांच्या मधोमध उभा राहिला, मग नदीत पडला आणि बाहेरच येईना. अधूनमधून जाहिराती येत. सोनं गहाण ठेवा, केस दाट करा. त्या संपेपर्यंत शमुवेल हात मांडीवर ठेवून, उपासनेत बसल्यासारखा थांबे. शहर कुठलं ते कळत नव्हतं. पुणं नव्हे, मुंबईही नव्हे. उंच काचेच्या इमारती, एक लांबच लांब पूल, पुलाखाली जांभळं पाणी, कोपऱ्यावर चहाची एक टपरी. संध्याकाळपर्यंत त्याला चालता यायला लागलं. उडायची त्याला गरजच नव्हती. तो आपला फुटपाथवरून गर्दीत शिरे आणि समोरून येणाऱ्या बायांना हलकेच खांदा लावी. मग एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या शहरातल्या साऱ्या बाया दया होत्या. हिरव्या साडीतली दया, काठी टेकत चालणारी म्हातारी दया, जीन्स घातलेली, पाठीवर सॅक घेतलेली, विशीतली दया. धक्का लागला की प्रत्येकीच्या तोंडून तीच. ‘अरे, जरा बघून!’ ‘मुडद्या, डोळे फुटले का?’ जीन्सवालीचा आवाज आला की तो जागीच थांबे. लग्नाच्या वेळी दया त्याच वयाची होती, आणि त्या दयाचा आवाज कसा होता हे त्याला आठवत नव्हतं.

तिचा आवाज असा दुसरा कुठे राहिलेलाच नव्हता. ती असताना त्याच्याकडे बटणांचा फोन होता. हा मोठा मोबाईल एंजेलाने नंतर आणून दिला. फोटो पुष्कळ होते. पुतण्याच्या साखरपुड्याच्या व्हिडिओत ती एकदा दिसते, ताट पुढे करून ओठ हलवते, पण वर बँडचं गाणं टाकलेलं आहे. ती काय म्हणाली असेल, ‘घ्या ना’ की ‘पुरे झालं का’, हे ओठांवरून ओळखायचा त्याने किती वेळा प्रयत्न केला होता. एंजेलाकडे एखादा आवाज असेल का, विचारावं असंही मनात आलं होतं. पण एंजेलाशी बोलायचं ते दयामधून. फोन दयाला यायचा. ती तो कानापासून जरा दूर धरून सांगायची, ‘एंजू विचारतेय, गोळ्या घेतल्या का,’ आणि तो म्हणायचा, ‘घेतल्या म्हणावं.’ आता फोन थेट त्याला येई, रविवारी, उपासना आटोपली की. जेवलात का, तब्येत बरी ना, पुण्यात ऊन आहे का. मग दोघंही थांबत. मधलं माणूस आता येईल आणि पुढचं बोलेल, अशी वाट बघितल्यासारखी.

चार-आठ दिवस तो असा नुसता चालत राहिला. सकाळी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकायची, खेळ उघडायचा, पुलावर जायचं. पुलावर गर्दी कमी, वाऱ्याचा आवाज घातलेला. तिथे हिरव्या साडीतली बाई बहुतेक सापडे. तो तिच्या मागोमाग चाले. ती थांबली की तोही थांबे. त्याला वाटे, आता ही वळेल आणि दुसरंच काहीतरी बोलेल, त्या ठरलेल्या वाक्यांपलीकडचं, फक्त त्याला सांगायचं राहिलेलं. ती वळत नसे. मग धक्का द्यावा लागे. पुन्हा तेच, आणि पुन्हा त्याला बरं वाटे, नि लगेच वाईट वाटे. एका सकाळी त्याचा अंगठा चुकला. धक्क्याच्या ऐवजी दुसरंच बटण दाबलं गेलं. गगनवीरने बाईला एका हाताने उचललं, डोक्यावर फिरवलं आणि कठड्यावरून भिरकावून दिलं. ती किंचाळली. शब्द नव्हता. नुसता आवाज, छातीच्या तळातून निघालेला, लांब, मोकळा, फाटत जाणारा. ती खाली जाईल तसतसा तो लहान होत गेला आणि जांभळ्या पाण्यात मिटला. शमुवेलने मोबाईल उलटा करून ओट्यावर ठेवला, वर फडकं टाकलं. हात धुतले. पुन्हा धुतले.

हा आवाज तिने कुठे ठेवला होता? हॉस्पिटलात तर तो निघाला नव्हता. स्वादुपिंडात गाठ होती. शेवटी शेवटी दुखणं असं यायचं की तिचं सगळं अंग धनुष्यासारखं वर उचललं जाई. ती पदराचा बोळा तोंडात धरी. दात इतके आवळलेले की कानशिलावरची शीर तटतटून दिसे, पण आवाज नाही. वॉर्डात बाकीच्या बाया कण्हत, देवाला हाका मारत, कुणी तर डॉक्टरला शिव्या देई. एकदा नर्स तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली होती, ‘ओरडा बाई, ओरडा. ओरडलं की हलकं वाटतं. इथे कुणी काही म्हणत नाही.’ तेव्हा दयाने बोळा तोंडातून काढला नाही. तिने नुसती मान वळवून शमुवेलकडे पाहिलं. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला होता, हातात पाण्याची बाटली. त्याला वाटलं तिला पाणी हवंय. त्याने झाकण काढून बाटली पुढे केली. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या पाहण्याचा अर्थ त्याने तेव्हा लावला नव्हता. आता, फडक्याखाली झाकलेल्या मोबाईलशेजारी उभं असताना, तो अर्थ आपला आपण लागायला लागला. त्याने नळ पुन्हा सोडला, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून.

त्याने दोन दिवस खेळ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला आणि सरळ पुलावर गेला. ते दुसरं बटण कुठलं ते आता माहीत होतं. त्याने एकदा फेकली. थांबला. दुसरी बाई आली, तिलाही फेकली. दयाच्या वाट्याचं ओरडणं कुणीतरी ओरडून घ्यायला हवं, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं. हे शहाणपणाचं नाही हेही कळत होतं. पण किंकाळी संपली की अंगठा आपोआप पुन्हा त्या बटणाकडे जाई.

‘साहेब!’ दारात लंकाबाई उभी होती. ती सकाळी धुणंभांड्याला येई, दया असल्यापासून. तिच्या हातातलं पातेलं तसंच होतं, राखेने माखलेलं. ‘साहेब, कोन वरडलं? बाईसायबांचा आवाज आल्यागत झाला. लई घाबरले बगा.’

टीव्ही म्हणून सांगता आलं असतं. पण तिने आवाज ओळखला होता, आपणहून, भिंतीपलीकडून. म्हणजे हे त्याच्या एकट्याच्या कानातलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिला जवळ बोलावलं, मोबाईल तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘बघ, लंकाबाई, बघ.’ निळा माणूस पुलावर धावला. बाई उचलली गेली. किंकाळी घरभर झाली. लंकाबाई मागे सरली. पातेलं तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

‘बाईसायबच हायेत की या. आन् त्यांना मारतंय कोन?’

शमुवेलने अंगठा पडद्यावरून उचलला.

‘कोन मारतंय, साहेब?’

‘मी,’ तो म्हणाला.

लंकाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. तिचे डोळे भरून आले, पण ती रागावलेलीही होती. ‘बंद करा ते. गेलेल्या मानसाला असं वरडवू नये. जिती हुती तवा कदी तोंडातून ब्र काढला न्हाई त्या माउलीनं.’ आणि ती भांडी घासायला गेली. त्या दिवशी तिने भांडी मुद्दाम आपटून घासली असं त्याला वाटलं. तो ‘जरा हळू’ म्हणाला नाही.

त्यानंतर त्याने कुणाला फेकलं नाही. पण खेळ सोडवेना. तो खेळातल्या एखाद्या गच्चीवर चढून नुसता बसे, खाली बाया हिंडत असत. एकदा त्याच्या हातून, बहुधा चुकूनच, एक चांगलं काम झालं. एक गुंड म्हातारीची पिशवी ओढत होता. शमुवेलने उडी टाकली, गुंड पळाला. म्हातारी काठी सावरत म्हणाली, ‘देव तुझं भलं करो रे, बाळा.’ हे त्याने पूर्वी ऐकलं नव्हतं. ‘बाळा’ म्हणताना तिचा आवाज मऊ झाला होता, एंजेला लहानपणी तापाने फणफणली की होई तसा. तो दिवसभर गुंड शोधत फिरला. रात्री जेवताना त्याच्या ध्यानात आलं की आज आपण तिला कितीतरी वेळा वाचवलं, आणि घास हातातच राहिला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी खेळ उघडला तर पडद्यावर चौकट आली. नवी आवृत्ती उपलब्ध आहे. त्याने ‘हो’वर बोट ठेवलं. हल्ली मोबाईल काहीही विचारतो आणि माणूस हो म्हणतो. हिरवी रेघ हळूहळू भरत गेली. पूल आता जास्त झगमगीत झाला होता, पाण्यावर लाटा आल्या होत्या. हिरव्या साडीतली बाई कठड्याशी उभी होती. त्याने हलकेच खांदा लावला. ‘अहो, नीट चाला ना!’ ती म्हणाली. गोड, तासलेला, जाहिरातीतल्या बाईचा आवाज. त्याने दुसरीला धक्का दिला. जीन्सवालीला. म्हातारीला. गुंड शोधला, म्हातारीला वाचवलं, ‘धन्यवाद, गगनवीर!’ असं ती म्हणाली. मग त्याने ते बटण दाबलं, जे पुन्हा दाबायचं नाही असं ठरवलं होतं. पुलावरून खाली जाताना एक परकी बाई व्यवस्थित किंचाळली. त्याने मोबाईल बंद केला, चालू केला. सबंध शहर पायी पालथं घातलं. ती कुठेच नव्हती.

एंजेलाचा फोन कामाच्या दिवशी, भर अकराला लावण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

‘पप्पा? काय झालं? बरं वाटत नाहीये का?’

‘एंजू,’ तो म्हणाला, ‘एंजू, मम्मी गेली.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार, मोकळी हवा. ती ऑफिसातून बाहेर आली असावी. ‘पप्पा,’ ती जपून म्हणाली, ‘मम्मीला जाऊन दीड वर्ष झालंय.’ म्हाताऱ्या बापाचं डोकं चळलं असेल तर त्याला धक्का बसू नये, असा तो सूर होता.

‘तसं नाही गं. त्या गेममधून. पुलावर असायची. आज सकाळपासून नाही.’

‘तुम्ही गगनवीर खेळता?’ तिचा आवाज अगदी लहान झाला होता. ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘रिक्षात ऐकलं. एका जवानाच्या मोबाईलवर.’

‘मीच काढून टाकायला लावला तो आवाज,’ एंजेला म्हणाली. ‘मीच, पप्पा. कंपनी एवढीशी होती, आवाजाला कलाकार परवडत नव्हते, म्हणून सगळ्यांनी घरच्यांचे आवाज घेतले. टपरीवरचा चहावाला आमच्या सरांचा मामा आहे. नंतर बदलायचे असं ठरलं होतं. तोवर मम्मी गेली. मग मी बदलू दिला नाही. मला वाटलं, असू दे, कुठेतरी असेल. पण लोक खेळायला लागले. तिच्या किंकाळीचे व्हिडिओ करायला लागले, फेकायची आणि हसायचं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दिवसभर तपासणीसाठी तिला पुलावरून फेकायचा, त्याचं कामच ते. मी कानात बोळे घालून बसायचे. मग एकदा जाऊन सांगितलं, एक तर हा आवाज काढा नाहीतर मी जाते.’ ती रडत होती. ‘मला वाटलं, मी तिला सोडवतेय.’

आपणही फेकत होतो, हे त्याने सांगितलं नाही. ‘बरं केलंस,’ असं म्हणाला. ते खरं होतं, आणि तरी ते शब्द तोंडातून काढताना त्याला भिंतीला हात लावावा लागला. मग त्याने विचारलं, ‘मूळ कुठे आहे का? तिने म्हटलेलं?’

‘आहे. मी परत ऐकलं नाही कधी. शनिवारी येते, पप्पा. घेऊन येते.’

शनिवारी ती आली ती दुपारच्या गाडीने. पाठीवर सॅक, केस कापलेले. दारात तिला पाहून त्याच्या मनात त्या शहरातली जीन्सवाली उभी राहिली, आणि त्याने चटकन तिच्या हातातली पिशवी घेतली. दोघं जेवले. तिने मग आतल्या खोलीत, पलंगावर, लॅपटॉप उघडला. ‘इथेच बसलो होतो आम्ही,’ ती म्हणाली, ‘दोन वर्षांमागच्या नाताळात. डोक्यावरून रजई घेऊन. बाहेरचा आवाज येऊ नये आणि आतला घुमू नये म्हणून.’ पडद्यावर एक निळी पट्टी होती, तिच्यात आवाजाच्या रेघा उभ्या राहिलेल्या, कुठे डोंगराएवढ्या, कुठे गवताएवढ्या. एंजेलाने बटण दाबलं.

आधी नुसती खसखस, रजईची. मग दया. ‘काय म्हणू गं? मला नाही बाई येत.’ ‘धक्का मारलाय तुला एकाने, शिव्या दे.’ ‘कुठल्या देऊ? माहेरच्या?’ आणि हसणं. शमुवेल पुढे वाकला. ते हसणं थांबेचना. एकीने थांबवावं की दुसरीने सुरू करावं. ‘मुडद्या, डोळे फुटले का?’ पुन्हा हसणं. ‘मम्मी, खरंच चिडून म्हण.’ मग अशा अशा शिव्या आल्या की आत्ता पलंगावर बसलेली एंजेलाही डोळे पुसता पुसता हसली. मग, ‘आता ओरड. तुला पुलावरून टाकलंय.’ ‘खरं ओरडू?’ ‘खरं.’ ‘अगं पण...’ ‘ओरड गं, मम्मी.’ थोडा वेळ श्वास. आणि ती किंकाळी. रेघ पट्टीच्या वर-खाली दोन्ही कडांना जाऊन भिडली. ती संपल्यावर दया धापा टाकत म्हणाली, ‘किती बरं वाटलं गं, एंजू. अजून एकदा घे.’ दुसरी आली, पहिल्यापेक्षा मोठी. तिसरी. तिसरीच्या मध्येच दारावर थापा पडल्या, आणि दूरवरून, लाकडापलीकडून, एक पुरुषाचा आवाज आला. ‘काय चाललंय? दया? शेजारी काय म्हणतील?’

तो आपला आवाज आहे हे शमुवेलला लगेच कळलं नाही. त्या नाताळात आपण दार ठोठावल्याचं त्याला आठवतही नव्हतं. इतका थकलेला, इतका सज्जन आवाज. रजईत एकदम शांत झालं. मग दया कुजबुजली, ‘झालं. आले ते. बंद कर, बंद कर.’

एंजेलाचा हात पुढे गेला. ‘एवढंच आहे, पप्पा. पुढे मी बंद करायला विसरले होते, नुसती खोली आहे.’

‘राहू दे,’ तो म्हणाला.

खोली होती. रजई बाजूला झाल्याची सळसळ, पलंगाची कुरकुर, कडी. पावलं. कुठेतरी दूर कुत्रं. मग दाराबाहेरून, येतो न येतोसा, दयाचा आवाज. त्याच्या ओळखीचा, घरातला. ‘काही नाही हो, एंजूचं ऑफिसचं काम. चहा टाकू का?’ त्यावर उत्तर नव्हतं. किंवा असेलही, मानेने दिलेलं.

एंजेलाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘सगळं मोबाईलमध्ये टाकून देते तुमच्या,’ ती म्हणाली. ‘हवं तेव्हा ऐका.’

‘नको.’ तो म्हणाला. ‘ते तुमचं दोघींचं आहे. तू ठेव. मला ते शेवटचं तेवढं कापून दे. चहाचं.’

‘पप्पा...’

‘तेवढंच ती माझ्याशी बोलली आहे यात.’

एंजेलाने पट्टी पुढे सरकवली. किंकाळ्यांचे डोंगर गेले, हसण्याची झुडपं गेली. शेवटी नुसती सपाट रेघ आली. त्या वाक्याची जागा तिला सापडेना. ती पुढे गेली, मागे आली, कान लावून ऐकलं, पुन्हा शोधलं. मग रेघेवरचा एक बारीकसा थरथराट तिने मोठा करून पाहिला आणि दोन्ही बाजूंनी कापला.

‘फार बारीक आहे, पप्पा,’ ती म्हणाली. ‘वाढवून देऊ का? वाढवता येतो.’

‘नको,’ शमुवेल म्हणाला. ‘एवढाच होता.’